पुण्यातला जुना फ्लॅट: खरेदी, दुरुस्ती आणि भाडे

पुण्यात घरात पैसे गुंतवू पाहणाऱ्या नवख्याच्या आवाक्यात बहुधा येतो तो तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला पाच-सहाशे चौरस फुटांचा फ्लॅट. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, सिंहगड रस्ता या भागांत अशा इमारती पुष्कळ आहेत. जागा मोक्याची असते आणि भाडेकरू चटकन मिळतो. मात्र स्वस्तात घ्यायचे, सजवायचे आणि वर्षभरात विकून नफा काढायचा, हा बेत इथे क्वचितच जमतो.

समजा, फ्लॅट 70 लाखांचा आहे. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारांसह 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार. वर नोंदणी फी 30 हजार. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. महिना 20 हजार भाडे धरले, तर दोन वर्षांहून अधिक काळाचे भाडे दस्त नोंदवतानाच संपते. 24 महिन्यांच्या आत घर विकले तर नफा इतर उत्पन्नात मिळवून त्यावर नेहमीच्या दराने प्राप्तिकर लागतो. तेव्हा निदान सात-आठ वर्षे घर भाड्याने देण्याचा हिशेब मांडूनच यात उतरावे.

कागदपत्रांत पहिली पाहायची ती करारांची साखळी. बिल्डरने पहिल्या ग्राहकाला दिलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक हस्तांतरणाचा नोंदलेला दस्त आणि त्याची सूची क्रमांक 2 हवी. मधली एक कडी हरवली असली तरी बँक कर्जाला अडते. मूळ मालक वारले असतील तर सोसायटीच्या दप्तरी ज्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे तो मालक ठरत नाही; सर्व वारसांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र लागते. पुण्यात यातला एखादा वारस अमेरिकेत असणे नेहमीचेच. त्याचे कुलमुखत्यारपत्र तर लागतेच, शिवाय विक्रेता अनिवासी असला की 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीवर एक टक्का कर कापण्याचा साधा नियम त्याला लागू होत नाही. त्याच्या बाबतीत कितीतरी जास्त कर कापावा लागतो आणि तो न कापल्याचा भुर्दंड खरेदीदारावर येतो.

दुसरा प्रश्न जमिनीचा. 1963 च्या मोफा म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने बिल्डरवर सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) करून देण्याचे बंधन घातले, तरी असंख्य सोसायट्यांच्या नावावर जमीन अजून चढलेली नाही. अशांसाठी 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्स) वाट काढली. त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो. जुन्या इमारतीचे खरे मोल पुढे होणाऱ्या पुनर्विकासात असते आणि ते जमिनीच्या कागदावर अवलंबून असते. नदीकाठी तर पूररेषेचा नकाशाही पाहावा. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले ती आठवण आता जुनी झाली. पण 25 सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरलेले मुठेचे पाणी या आठवणी ताज्या आहेत. निळ्या पूररेषेच्या आत पुनर्विकासच अडून बसतो, त्यामुळे तिथली स्वस्ताई खरी नव्हे.

घर पाहायला जावे ते पावसाळ्यात, शक्यतो ऑगस्टमध्ये. दिवाळीपूर्वी रंग मारलेली भिंत काही सांगत नाही. वरच्या मजल्यावर गच्चीच्या स्लॅबखाली, बाकी ठिकाणी बाथरूमच्या पाठच्या भिंतीला हात लावून पाहावा. खालच्या फ्लॅटवाल्यांची परवानगी घेऊन त्यांच्या बाथरूमचे छत पाहिले तर सर्वांत जास्त कळते.

नूतनीकरणाचे काम बाथरूमपासून सुरू करावे आणि पैशाचा मोठा वाटाही तिथेच ठेवावा. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब थोडा खाली उतरवून वर विटांचे तुकडे भरलेले असतात. वरच्या फरशीचे सांधे उघडले की पाणी या भरावात साठते आणि महिनोन्‌महिने खाली झिरपत राहते. वरून नुसते रसायन ओतून ते थांबत नाही. सगळा भराव काढून स्लॅब उघडा करावा लागतो, भिंतीत दडलेले गंजके लोखंडी पाइप बदलावे लागतात. मग स्लॅबवर आणि भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंगचे थर देतात, नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करतात आणि पाणी भरून दोन दिवस ठेवतात. खालच्या छतावर ओल उतरली नाही, तरच विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि टाइल्स. मिस्त्रीला घाई असते ती नेमकी या दोन दिवसांची, आणि मालकाने हटून बसावे तेही इथेच. टाइल्स बसल्यावर कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतावे. ते न रेंगाळता जाळीकडे गेले तर ढाळ बरोबर आहे.

स्वयंपाकघर मोठे करण्यासाठी भिंत पाडण्याचा मोह आवरावा. जुन्या इमारतींतल्या काही भारवाहक भिंतींवर उभ्या आहेत. त्यांत खांबच नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय आणि महापालिकेच्या परवानगीशिवाय तिथे हातोडा लावू नये. फरशी, गिलावा, रंग यांना अशी परवानगी लागत नाही, सोसायटीला मात्र कळवावे लागते. दुपारी तोडफोड बंद ठेवणे आणि राडारोडा रीतसर हलवणे या अटी बहुतेक सोसायट्यांत असतात. वायरिंग पूर्ण बदलावे, गिझर आणि एसीला स्वतंत्र जाड वायर घ्यावी. विजेचे सामान तपकीर गल्लीत आणि कड्या-कोयंडे, नळ बोहरी आळीत स्वतः जाऊन घेतले तर दर आणि दर्जा दोन्ही कळतात. मोझॅक किंवा शहाबादी फरशी धड असेल तर ती उखडण्यापेक्षा पॉलिश करून घेणे शहाणपणाचे.

भाडेकरू ठेवताना लीव्ह अँड लायसन्स करार लागतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याची नोंदणी सक्तीची केली असून जबाबदारी मालकाची आहे. पोलिसांनाही भाडेकरूची माहिती द्यावी लागते. स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी 40 टक्के सवलत भाड्याच्या घराला नाही. सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. भाड्याच्या उत्पन्नातून मिळकतकर वजा जाता सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्तीला प्रत्यक्षात कितीही खर्च आलेला असो. घरात कायमची भर घालणारी कामे मात्र विक्रीच्या वेळी खरेदीखर्चात धरता येतात, म्हणून त्यांची बिले नावानिशी घेऊन दस्ताबरोबर जपून ठेवावीत.