लेखापालाची सही

दहावीचा निकाल लागला की वसतिगृहात आलेले पालक आम्हांस विचारतात, मुलाने पुढे काय घ्यावे? डॉक्टर, इंजिनिअर आणि शासकीय नोकरी यांपलीकडे विचार सहसा जात नाही. विज्ञानाला प्रवेश न मिळालेल्यांची सोय म्हणजे वाणिज्य शाखा, असाही एक समज रूढ आहे. वस्तुतः बाबासाहेबांनी लंडनमध्ये डी.एस्सी. मिळविली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर. १९४९ मध्ये संविधान सभेत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षकाचे कर्तव्य न्यायपालिकेच्या कर्तव्याहूनही अधिक महत्त्वाचे मानले होते. सार्वजनिक पैसा मंजूर झालेल्या कामीच खर्च झाला की नाही, हे तोच तपासतो.

त्याच वर्षी १ जुलै रोजी सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. बारावीनंतर तिची फाउंडेशन, मग इंटरमीडिएट, पुढे दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि शेवटी फायनल, असा हा मार्ग आहे. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण असल्यास फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला नोंदणी करता येते. प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. म्हणजे एक आवडता विषय हात देईल, या भरवशावर येथे भागत नाही.

खरी अडचण मात्र गणिताची नाही. परीक्षा इंग्रजी वा हिंदीतून द्यावी लागते. मराठी माध्यमातील मुलांनी आठवीपासूनच इंग्रजी वाचनाची सवय लावलेली बरी. दुसरी अडचण घरची. आर्टिकलशिपमध्ये विद्यावेतन मिळते, पण ते तुटपुंजे. त्यावर घर चालत नाही. शेजारचा मुलगा कमावू लागलेला असताना आपल्या मुलीला आणखी चार वर्षे अभ्यास करू देणे, ही पालकांच्याच धीराची परीक्षा होय. ज्यांना इतके थांबणे शक्य नाही, त्यांनी पदवीनंतर लोकसेवा आयोगामार्फत भरली जाणारी महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा अवश्य विचारात घ्यावी. ती कमी प्रतीची वाट आहे, असे आम्ही मानत नाही.

आणखी एक सांगावयाचे आहे. आर्टिकलशिपसाठी चांगले कार्यालय बहुधा ओळखीने मिळते, आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यापाशी नेमकी तीच नसते. या व्यवसायात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी आपल्या कार्यालयात एक जागा शाळेच्या मुलांसाठी राखावी आणि त्यांना रोजकीर्द व खतावणीपासून शिकवावे, ही आमची विनंती आहे. आपल्या विहारांचे आणि न्यासांचे हिशेबही धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे लागतात. त्यांवर आपल्याच शाळेत वाढलेल्या लेखापरीक्षकाची, आणि निर्भीड शेऱ्यासह, सही असावी.