मराठीत ‘गेला’ एकच, इंग्रजीत दोन

‘ही मस्ट हॅव वेन्ट’ चूक, ‘ही मस्ट हॅव गॉन’ बरोबर, एवढं बहुतेकांना पाठ असतं. तरी बोलताना ‘वेन्ट’च तोंडी येतं. याचं मूळ निष्काळजीपणात नाही, आपल्या मराठीत आहे असं मला वाटतं. ‘तो गेला’ आणि ‘तो गेला असेल’ ही वाक्यं पाहा: दोन्हीकडे ‘गेला’ तेच. इंग्रजीने मात्र काम वाटून दिलंय. साधा भूतकाळ ‘वेन्ट’कडे, ‘हॅव’ची सोबत ‘गॉन’कडे. मस्ट, शुड, कुड यांच्यानंतर क्रियापद मूळ रूपातच येतं, म्हणून तिथे ‘हॅव’चं ‘हॅड’ होत नाही (कर्ता ‘शी’ असला तरी ‘हॅज’ही नाही!). ‘वॉक्ड’सारखी दोन्ही रूपं एकच असली की आपण अडखळत नाही, अडतो ते राइट, टेक, ब्रेक यांच्यापाशी.

अर्थ कळला की झालं, असं कुणी म्हणेल. शिवाय एकेकाळी नामवंत इंग्रज लेखकही ‘हॅव रोट’ लिहीत. रॉबर्ट लोथ यांनी १७६२च्या व्याकरणात अशा रूपांवर टीका केली होती. रूपं बदलतात, हे मान्यच. पण आजच्या प्रमाण लेखनात ‘हॅव रिटन’च रुळलंय, आणि अर्ज किंवा परीक्षेचा पेपर त्याच मापाने तपासला जातो. म्हणून मराठीचाच आधार घ्यावा. क्रियापदापुढे ‘असेल’ जोडून पाठ करा: लिहिलं असेल, रिटन, घेतलं असेल, टेकन, मोडलं असेल, ब्रोकन.