सुवाल्की : सीमेने घडवलेली माणसे

गेल्या काही वर्षांत युद्धाच्या बातम्यांमधून ‘सुवाल्की कॉरिडॉर’ हे नाव वारंवार येऊ लागले आहे. बेलारूस आणि रशियाचा कालिनिनग्राद प्रांत यांच्यामधली, सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरची ही पट्टी पोलंड आणि लिथुएनियाच्या सीमेवर येते. लष्करी नकाशात इथले रस्ते आणि रेल्वेमार्ग दिसतात, माणसे दिसत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखासाठी हे दोन देश लढले होते. त्या भांडणाकडे ‘दोन राष्ट्रे आणि मधली जमीन’ असे पाहिले जाते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. आधीपासून वेगळ्या असलेल्या दोन समाजांमधून इथे रेषा गेली, असे झाले नाही. बदलत्या राजवटींच्या रेषांनीच या माणसांना बऱ्याच अंशी दोन बाजूंना ढकलले.

मुळात इथले मूळ रहिवासी म्हणावेत असे कोणी उरलेलेच नाही. योत्विंगियन ही बाल्टिक जमात इथे राहत होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस ट्युटॉनिक सरदारांनी तिचा पाडाव केला आणि मुलूख ओस पडून जंगल माजले. पुढे त्या जंगलात लिथुएनियन शेतकरी आले, पोलिश भाषक आले, गावांमध्ये ज्यू व्यापारी आणि कारागीर स्थिरावले आणि धर्मछळाला कंटाळून रशियातून ‘जुन्या श्रद्धेचे’ ख्रिस्ती आले. १५६९च्या लुब्लिन करारानंतर पोलंड आणि लिथुएनिया एकाच राज्यसंघात होते. घरात पोलिश बोलणारा उमराव स्वतःला बिनदिक्कत लिथुएनियन म्हणवत असे, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नसे. याचा दाखला विसाव्या शतकापर्यंत मिळतो. लिथुएनियातील समोगितियातल्या एका उमराव घराण्यातील स्तानिस्लाव नारुतोविच यांनी १९१८मध्ये लिथुएनियाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्यांचे सख्खे भाऊ गाब्रिएल १९२२मध्ये पोलंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

एका घरात मावणाऱ्या या ओळखी वेगळ्या कशा झाल्या, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडते. या राज्यसंघाच्या १७९५च्या फाळणीत नेमान नदीच्या डाव्या तीरावरचा हा भाग प्रशियाकडे गेला, १८०७मध्ये नेपोलियनने उभ्या केलेल्या वॉर्सा संस्थानात आला आणि १८१५नंतर झारच्या अधिपत्याखालील पोलंडमध्ये राहिला. त्यामुळे इथले भूदास १८०७मध्येच कायद्याने मुक्त झाले. नदीपलीकडच्या लिथुएनियनांना त्यासाठी १८६१पर्यंत थांबावे लागले. झारविरुद्धच्या १८६३च्या उठावानंतर पोलिश प्रभाव मोडण्यासाठी झारशाहीने इथल्या लिथुएनियन मुलांना शिक्षणाची दारे थोडी उघडली, मारियाम्पोलेच्या शाळेत त्यांची भाषा शिकवू दिली. त्याच वेळी लॅटिन लिपीतल्या लिथुएनियन छपाईवर बंदी घातली, ती १९०४पर्यंत टिकली. बंदी असलेली पुस्तके प्रशियातून पाठीवर लादून चोरट्या वाटांनी येत राहिली. या शिकलेल्या शेतकरीपुत्रांतूनच लिथुएनियन जागृतीचे नेते योनास बासानाविचुस आणि लिथुएनियाच्या राष्ट्रगीताचे कर्ते विंत्सास कुदिर्का पुढे आले. आजची प्रमाण लिथुएनियन भाषाही प्रामुख्याने याच भागातल्या बोलीवर उभी आहे. पोलिश लोकांना शह द्यायला केलेल्या सरकारी खेळीतून असे एक राष्ट्र धीट झाले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्य माघारी फिरू लागले, तेव्हा पोलिश की लिथुएनियन ही निवड टाळता येईना. जुलै १९१९मध्ये फ्रेंच मार्शल फॉश यांच्या नावाची रेषा ठरली आणि सेयनी गाव पोलंडच्या बाजूला गेले. लिथुएनियन सैन्य हटले नाही, ऑगस्टमध्ये पोलिश रहिवाशांनी उठाव केला आणि पुढच्या वर्षभरात गावाचा ताबा अनेकदा बदलला. सेयनीचे धर्मगुरू-विद्यालय लिथुएनियन जागृतीचे मोठे केंद्र होते. पोलिश ताब्यानंतर तिथल्या लिथुएनियन विद्यार्थ्यांना आणि गुरूंना बाहेर काढण्यात आले. ७ ऑक्टोबर १९२०ला सुवाल्कीत युद्धबंदीचा करार झाला, आणि दोनच दिवसांत पोलिश जनरल झेलिगोव्स्की यांनी लिथुएनिया आपली राजधानी मानत असलेले विल्नियस घेतले. त्यानंतर १९३८पर्यंत दोन्ही देशांमध्ये राजनैतिक संबंधही नव्हते.

यावर आक्षेप घेता येईल की भाषा तर खऱ्याच वेगळ्या होत्या. पोलिश स्लाव्ह कुळातली, लिथुएनियन बाल्टिक कुळातली. फॉश रेषाही ढोबळमानाने भाषेलाच धरून होती. हे खरे आहे, आणि सगळी ओळख वरून लादली गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण भाषेतला फरक शतकानुशतके होता. त्यासाठी बंदूक उचलण्याची वेळ १९१९मध्येच आली. शिवाय भाषेच्या हिशेबात ज्यूंना आणि रशियन भाषक जुन्या श्रद्धेच्या लोकांना जागाच नव्हती. सेयनीत १८८५मध्ये बांधलेले पांढरे सिनेगॉग अजून उभे आहे; तिथे प्रार्थना करणारा समाज नाझी राजवटीने संपवला. आणि १९४१मध्ये हिटलर-स्टालिन यांच्यातल्या करारानुसार सुवाल्की भागातले हजारो लिथुएनियन सोव्हिएत लिथुएनियात हलवले गेले. म्हणजे जिथे माणसे रेषेत बसत नव्हती, तिथे माणसेच हलवली गेली.

मग आज ही सीमा शांत आहे, ती अखेर योग्य जागी आली म्हणून, असेही कोणी म्हणेल. पण रेषा बऱ्याच अंशी १९२०चीच आहे, बदलले ते तिचे वजन. १९९४च्या मैत्री करारात दोन्ही देशांनी सीमा मान्य केली, अल्पसंख्याकांच्या हक्कांची हमी दिली. २००७च्या डिसेंबरात शेंगेन व्यवस्थेमुळे सीमेवरचे तपासणी नाके उठले. पोलंडमधल्या पुन्स्क गावात आज लिथुएनियन बहुसंख्य आहेत, तिथे त्यांच्या शाळा आहेत आणि पाट्या दोन्ही भाषांत आहेत. तक्रारी संपलेल्या नाहीत: लिथुएनियातल्या पोलिश लोकांना आपली नावे पोलिश वर्णांत लिहिण्यासाठी अनेक वर्षे झगडावे लागले. पण हे भांडण आता कायदेमंडळात आणि न्यायालयात होते. सीमाप्रश्न सुटतो तो रेषा अचूक आखल्याने नव्हे, तर रेषेच्या कोणत्याही बाजूला राहिलेल्या माणसाला आपली भाषा आणि नाव सोडावे लागत नाही तेव्हा, हे सुवाल्कीने फार मोठी किंमत मोजून दाखवले आहे.