हौसेची खतावणी : श्वानप्रजननाचा जमाखर्च

दाराशी आलेल्या कुत्र्याला भाकरी घालणे हा आपल्या घरांचा जुना परिपाठ आहे. लॅब्रॅडॉर, पग, जर्मन शेफर्ड अशी जातिवंत कुत्री विकत घेऊन अंगणात बाळगणे मात्र वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील व्यापारी कुटुंबांत अलीकडचे. त्यापुढची पायरी म्हणजे घरच्या कुत्रीची पिल्ले होऊ देणे आणि ती विकणे. ‘हौस भागते आणि चार पैसेही सुटतात’ असे या छंदाचे समर्थन केले जाते. वही लिहिणाऱ्या समाजाने या विधानाची एकदा खतावणी करून पाहावयास हवी.

हेतू कोणते?

सर्वांचे हेतू हलके असतात असे मुळीच नाही. मुलांनी जीवाचा जन्म पाहावा, असे काहींना वाटते. कुत्रीला एकदा तरी पिल्ले झाल्याशिवाय तिची प्रकृती नीट राहत नाही, अशी काहींची समजूत असते. पशुवैद्यकशास्त्रात तिला आधार नाही. काहींना जातीची शुद्धता राखण्याची खरी आस्था असते. ते चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे वंशावळीची नोंद करतात, नर-मादीच्या खुब्याच्या सांध्यांची तपासणी करून मगच संबंध घडवितात. असे लोक थोडे. उरलेल्यांच्या मनात प्रतिष्ठा आणि पैसा यांचे मिश्रण असते.

वही काय सांगते?

आकडे गृहीत धरू. वाचकांनी आपापले घालावेत. कुत्रीची खरेदी १५,००० रुपये. आहार, लसी व औषधे मिळून दरमहा ४,००० रुपये, म्हणजे बारा वर्षांच्या आयुष्यात ५,७६,००० रुपये. एकूण ५,९१,००० रुपये नावे पडले.

आता जमेची बाजू. आयुष्यात पाच वेते, प्रत्येकी सहा पिल्ले, म्हणजे तीस. नराच्या मालकाला प्रत्येक वेतातील एक पिल्लू देण्याची रीत आहे, उरली पंचवीस. सगळी जगली आणि प्रत्येकी १०,००० रुपयांना गेली, तर २,५०,००० रुपये. आठ आठवडे प्रत्येक पिल्लाचे खाणे, जंतनाशक व पहिली लस यांचे २,००० रुपये धरले, तर हाती सुमारे दोन लाख उरतात. तूट ३,९१,००० रुपयांची.

कोणी म्हणेल, कुत्री घरचीच. तिच्या पोटापाण्याचा खर्च तसाही झालाच असता. मान्य. मग वेतामागे चाळीस हजार रुपये उरले. त्यातून नोंदणीचे शुल्क वजा करा. प्रसूती अडली आणि मध्यरात्री पंचाहत्तर किलोमीटरवरील नागपूर गाठून शस्त्रक्रिया करावी लागली, तर तोही खर्च वजा करा. पार्व्हो रोगाने दोन-तीन पिल्ले गेली, तर तितकी जमा पुसून टाका. दोन महिन्यांच्या जागरणाची व साफसफाईची मजुरी तर कोणी लिहीतच नाही. ती बहुधा घरातील स्त्रियांच्या किंवा नोकराच्या वाट्याला येते.

हा नफा वाढविण्याचे तीनच मार्ग आहेत : कुत्री प्रत्येक माजाला फळविणे, तिच्या आहार-औषधात काटकसर करणे आणि वय झाले की तिला वाटेला लावणे. थोडक्यात, मालकाच्या जमेस येणारी रक्कम कुत्रीच्या नावे पडते.

कायदा आणि हवामान

केंद्र शासनाने २०१७ साली श्वानप्रजनन व विक्रीचे नियम केले, ते याच कारणाने. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक असून तिचे शुल्क ५,००० रुपये व मुदत दोन वर्षे आहे. कुत्री अठरा महिन्यांहून लहान किंवा आठ वर्षांहून मोठी नसावी. वर्षात एकाहून अधिक व आयुष्यात पाचाहून अधिक वेते नसावीत. आठ आठवड्यांआतील पिल्लू विकता येत नाही. नियमित विक्री होत असेल, तर छंद म्हटल्याने तो व्यवसाय असल्याचे बदलत नाही; त्याचे उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणात दाखवावेच लागते.

शिवाय आपला जिल्हा पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्याचा. चपट्या नाकाच्या पगला श्वासाचा त्रास जन्मजात असतो, आणि दाट केसांचा हस्की तर बर्फाळ मुलखातला. अशा प्राण्यांची संतती वर्ध्यात वाढविणे म्हणजे प्रत्येक मे महिन्यात नवे कष्ट जन्माला घालणे होय.

श्रावकाचा प्रश्न

आपल्या आचार्यांनी हा विषय अस्पर्शित ठेवलेला नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे द्विपाद-चतुष्पाद जीवांची विक्री, आणि असतीपोषण येते. असतीपोषणाचे विवरण करताना हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात धनासाठी पोसलेल्या मांजर, कुत्रा, पोपट आदींचा स्पष्ट उल्लेख केला आहे. दिगंबर परंपरेत पं. आशाधरांच्या सागारधर्मामृतातही या खरकर्मांचा विचार आला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यांत छेद आणि अन्नपाननिरोध आहेत. शोभेसाठी शेपटी कापणे हा पहिला, खर्च वाचविण्यासाठी आहार तोडणे हा दुसरा.

येथे दोष ‘पोषणा’चा नसून ‘धनासाठी’ या हेतूचा आहे, हे ध्यानी घ्यावे. मरणासन्न कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकविणाऱ्या जीवंधरकुमाराची कथा आपल्या घरांत सांगितली जाते. तो कुत्रा पुढे सुदर्शन यक्ष झाला. त्या कुत्र्याची जात कोणती होती, हे कथा विचारीत नाही.

पिल्ले होऊ द्यायची नसतील, तर निर्बीजीकरणाचा प्रश्न येतो आणि येथे श्रद्धाळू मन अडखळते. कारण निर्लांछन, म्हणजे प्राण्यांचे अवयवछेदन, हेही कर्मादानच आहे. ही शंका खोटी नाही. परंतु उपजीविकेसाठी केलेले छेदन आणि निराधार संतती टळावी म्हणून वैद्याने भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया, यांत हेतूचे अंतर आहे. ज्यांचे मन तरीही घेत नाही, त्यांनी माजाच्या दिवसांत कुत्रीला नरापासून वेगळे राखावे; यात छेदन नाही, फक्त दक्षता लागते. गुरुमहाराजांशी चर्चा करून प्रत्येक कुटुंबाने निर्णय घ्यावा. पण निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची फळे रस्त्यावर हिंडतात.

ज्यांना श्वानाची खरी ओढ आहे, त्यांच्यासाठी मार्ग मोकळा आहे. रस्त्यावरचे एखादे देशी पिल्लू घरी आणावे. ते आपला उन्हाळा सोसते व चपट्या नाकाचे दुखणे त्याला नसते. वर्ध्यात पीपल फॉर ॲनिमल्सचे करुणाश्रम जखमी व निराधार प्राण्यांची शुश्रूषा करीत आले आहे. मुलांना तेथे नेऊन एका प्राण्याच्या औषधपाण्याचा भार उचलावा. जन्म पाहण्याहून जीव वाचताना पाहणे मुलांना अधिक शिकवील. या खात्यावर येणे काही नसेल. पण जीवदयेचा खर्च आपल्या वडीलधाऱ्यांनी तोट्यात कधी लिहिला नाही.