पॅरी-रॉमबर्ग सिंड्रोम : चेतासंस्थेतील गुंतागुंत

पॅरी-रॉमबर्ग सिंड्रोम हा चेहऱ्याच्या एका बाजूची त्वचा, त्वचेखालील चरबी, स्नायू आणि काही वेळा हाडेही हळूहळू क्षीण करणारा दुर्मिळ विकार आहे. कॅलेब पॅरी यांनी केलेले याचे वर्णन १८२५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले; मोरिट्झ रॉमबर्ग यांनी १८४६ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. विकार बहुधा वयाच्या पहिल्या २० वर्षांत सुरू होतो, काही वर्षे वाढतो आणि नंतर स्थिरावतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते.

लक्षणे

चेतासंस्थेची लक्षणे सर्वच रुग्णांत नसतात. त्यांपैकी अपस्मार (फिट येणे) प्रमुख आहे. झटके बहुधा मेंदूच्या एका भागातून सुरू होतात व काही रुग्णांत औषधांना दाद देत नाहीत. अर्धशिशी, चेहऱ्यातील त्रिशाखी चेतेच्या तीव्र वेदना, शरीराच्या एका बाजूची दुर्बलता आणि बौद्धिक क्षमतेतील घट हीदेखील आढळते. एमआरआय तपासणीत मेंदूतील बदल बहुधा क्षीण झालेल्या चेहऱ्याच्याच बाजूला दिसतात. सीटी स्कॅनमध्ये काही वेळा कॅल्शियमचे साठे आढळतात. मात्र चेहऱ्यावरील व्यंगाची तीव्रता आणि मेंदूतील बदल यांचे प्रमाण जुळेलच असे नाही.

कारणे

निश्चित कारण अज्ञात आहे. कपाळावर तलवारीच्या वाराच्या खुणेसारखा पट्टा उमटवणाऱ्या रेषीय स्क्लेरोडर्माशी याचे साम्य असल्याने, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करते, हे स्पष्टीकरण अधिक स्वीकारले जाते.

निदान व उपचार

झटके चेहऱ्यावरील बदलांच्या आधी, सोबत किंवा अनेक वर्षांनी सुरू होऊ शकतात. त्यामुळे दोन्हींचा संबंध लक्षात न आल्यास निदान लांबते, तर चेहरा स्थिरावला म्हणून मेंदूचा धोका टळला असे मानता येत नाही. ईईजी व एमआरआय निदानास साहाय्यक ठरतात. झटक्यांसाठी अपस्मारविरोधी औषधे, तर विकार सक्रिय असताना स्टेरॉइड व मेथोट्रेक्सेट दिली जातात. चरबीरोपणासारखी शस्त्रक्रिया सहसा विकार स्थिरावल्यावर केली जाते. तिने चेहऱ्याचा आकार सुधारतो, मेंदूतील बदल नव्हेत. त्वचारोग, मेंदूविकार, नेत्ररोग व दंतवैद्यक अशा अनेक विभागांच्या एकत्रित देखरेखीची गरज असते. वसई-विरारमधील रुग्णांना असे विभाग पश्चिम रेल्वेमार्गावरील मुंबईत, महापालिकेच्या केईएम व नायर रुग्णालयांत उपलब्ध आहेत.