प्रयोगशाळेतील उपकरणे : हाताळणी आणि सावधगिरी

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि काही महिन्यांतच ती पुण्यापर्यंत पोहोचली. याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारी रोजी, वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत स्वतः तयार केलेली प्लेगप्रतिबंधक लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. पुढे परळच्या प्रयोगशाळेत ही लस मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. ती संस्था आज हाफकिन यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना ही लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. खरी हकीकत वेगळी होती. बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा तेथील सहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे पुढचे सांगावे लागत नाही. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीरपणे मांडले ते १९०७ साली. पाच वर्षे एका मोठ्या शास्त्रज्ञाची कीर्ती मातीला लागलेल्या एका चिमट्यामुळे काळवंडली होती.

शाळेच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस नसते. पण चिमटा असतो, काचेची नळी असते, ज्योत असते, आम्ल असते. बहुतेक शाळांत भिंतीवर सूचनांचा फलक असतो. तो पाठ असलेले विद्यार्थी पुष्कळ भेटतात, मात्र त्यातील प्रत्येक सूचनेमागचे कारण सांगू शकणारे थोडे. कारण ठाऊक नसले की नियम नको तेथेही लावला जातो, आणि हवा तेथे सुटतो.

मोरचुदाचा प्रयोग घ्या. परीक्षानळीत द्रव तापवताना नळी तिरपी धरावी, तिचे तोंड वरच्या बाजूस आणि कोणाच्याही चेहऱ्याकडे नसेल असे ठेवावे, नळी एक तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये आणि ज्योतीवर सतत हलवत राहावी, हा नियम. एकाच जागी उष्णता लागली तर तळाशी एकदम वाफ होते आणि वरचा उकळता द्रव पिचकारीसारखा बाहेर उडतो, हे त्याचे कारण. आता त्याच नळीत मोरचुदाचे निळे स्फटिक कोरडेच तापवायचे आहेत. येथे तोंड वर ठेवले तर घात होतो. स्फटिकजल वाफ होऊन निघते, नळीच्या थंड तोंडाशी त्याचे थेंब जमतात आणि ते ओघळून तापलेल्या तळावर आले की काच तडकते. म्हणून या प्रयोगात नळीचे तोंड किंचित खालच्या बाजूस झुकवावे लागते. नियम उलटला, पण काच आणि वाफ यांचे वर्तन तेच राहिले.

निफाड, दिंडोरी या भागांतून आलेल्या मुलांना मोरचूद नवे नाही. द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात ते आणि चुना असतो. मिश्रण लोखंडी भांड्यात करीत नाहीत. तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो आणखी घालतात. वर्गात लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवून आपण जी विस्थापन अभिक्रिया पाहतो, तीच ही. आपल्या घरची माणसे ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या करीत आली असतील, तर प्रयोगशाळा ही काही परकी जागा नव्हे. मात्र शेतातील एक सवय येथे सोडावी लागते : हाताने ढवळणे आणि तोच हात डोळ्याला लावणे.

काचेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण शाळेतील बऱ्याच जखमा स्फोटाने होत नाहीत, काचेने होतात. तापवण्याची चंचुपात्रे बोरोसिलिकेट काचेची असतात. ही काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांश इतकीच प्रसरण पावते, म्हणून ज्योत सोसते. जाड काच अधिक मजबूत, असा समज मात्र चुकीचा आहे. जाड बाटलीची आतली बाजू तापून फुगते, बाहेरची थंडच राहते आणि या ओढाताणीत ती फुटते. म्हणून मोजपात्र किंवा बाटली कधीही तापवू नये. तापलेली काच थंड काचेसारखीच दिसते, हेही विसरू नये. उचलण्यापूर्वी हाताची पाठ जवळ नेऊन धग जाणवते का ते पाहावे.

सर्वांत फसवे काम म्हणजे रबरी बुचात काचेची नळी किंवा तापमापी बसवणे. विद्यार्थी दूरच्या टोकाला धरून जोर लावतात, नळी मधोमध मोडते आणि तिचे टोक थेट तळहातात शिरते. नळीला पाणी किंवा ग्लिसरीन लावावे, दोन्ही हातांवर कापड घ्यावे, नळी बुचाच्या अगदी जवळ धरावी आणि ढकलण्याऐवजी हळूहळू फिरवत आत न्यावी. तापमापी पाऱ्याची असेल तर ती फुटल्यावर धोका दुहेरी असतो, कारण सांडलेल्या पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. तो झाडूने झाडू नये, खिडक्या उघडून शिक्षकांना बोलवावे. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली आहे. शाळांनी रंगीत अल्कोहोलच्या तापमापी घेतलेल्या बऱ्या.

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही. तो दुसऱ्या दिव्यावर तिरपा करून पेटवू नये, जळता असताना भरू नये आणि फुंकर न घालता टोपण ठेवून विझवावा. ज्योतीपाशी ओढणी बांधलेली आणि केस आवरलेले असावेत. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यापेक्षा पावणेदोन पटींहून जड असते. त्यावर पाणी ओतले तर ते वरच तरंगते, क्षणात उकळते आणि आम्लासह उडते. म्हणून आम्लच पाण्यात, थेंबाथेंबाने, ढवळत घालावे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कोणतेही रसायन भरू नये. निवासी शाळेत तर मुळीच नाही, कारण येथे तहानलेले मूल पाच मिनिटांच्या अंतरावर असते.

भाजले तर तो भाग किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. डोळ्यात रसायन गेले तर लगेच पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुऊन तसेच दवाखान्यात न्यावे.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांसाठी. अनेक ठिकाणी काच फुटली की दंड घेण्याची पद्धत आहे. ती शिस्तीसाठी असते, हे मान्य. परंतु महिन्याला घरून मोजके पैसे येणारा वसतिगृहातील मुलगा दंडाच्या भीतीने फुटलेले तुकडे बेसिनमध्ये किंवा टेबलाखाली सारून देतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर वेगळ्याच मुलीचा हात पडतो. मुलकोवालच्या त्या सहाय्यकाने चिमटा पडताच 'थांबा, हा नीट निर्जंतुक करून आणतो' एवढे म्हटले असते तर १९ माणसे वाचली असती. दंडाच्या वहीऐवजी फुटीची वही ठेवावी. तीत काय फुटले, कसे फुटले आणि तुकडे कोठे टाकले, एवढेच लिहावे. नावाचा रकाना आखूच नये.