मागचा बंपर, स्टेपनीचा झुला आणि ‘तीच’ गाडी

गेल्या व्याख्यानानंतर शिरवळच्याच एका तरुण श्रोत्याने आम्हाला चिठ्ठी दिली: “सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत, पण तुमच्या पुतण्याची थार गावात सगळ्यांनी पाहिली आहे. मागचा लोखंडी बंपर आणि स्टेपनीचा झुला लावावा की नाही, यावर बोला.” चिठ्ठी वाचून हशा झाला. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर वाटलं, हा विषय टाळण्यासारखा नाही. त्या बंपरने आमच्या घरात एक अपघात घडवलेला आहे, आणि त्यातला मूळ प्रश्न आमच्याच विषयातला आहे.

आधी एक शब्द. ‘स्टेपनी’ हा आपल्याला आपलाच वाटतो, पण तो वेल्समधल्या लानेली गावचा. १९०४ साली तिथे ‘स्टेपनी’ नावाचं जादा चाक विकायला आलं. नाव पडलं ते कारखाना ज्या रस्त्यावर होता त्या रस्त्यावरून. त्या काळी पंक्चर झालं की टायर रस्त्यावरच काढून जोडावा लागे. इंग्रजांकडे तो शब्द मागे पडला, आपल्याकडे मात्र प्रत्येक गॅरेजवाल्याच्या तोंडी तो टिकला.

तर ही स्टेपनी ठेवायची कुठे? जुन्या स्कॉर्पिओत ती गाडीच्या पोटाखाली असे. ओढ्यातून गेलं की चिखलाने माखायची, आणि खडकावर आधी तीच घासायची. जिप्सी, बोलेरो, थार, गुरखा, जिम्नी यांत ती मागच्या दारावर. दारावर असली की पोटाखालची जागा मोकळी राहते, पण सगळं वजन दाराच्या बिजागऱ्यांवर येतं. कंपनीने त्या बिजागऱ्या कंपनीच्या चाकाचा हिशेब करून दिलेल्या असतात. पुतण्याने मोठे टायर घातले, ते रिमसकट बरेच जड निघाले. सपाट रस्त्यावर दार ते सहन करेल. खड्ड्यात चाक आपटलं की तेच वजन क्षणभर दुपटी-तिपटीने ओढतं, आणि हे दिवसातून हजार वेळा होतं. दार खाली बसायला लागतं, लॉक जुळेनासं होतं, शेवटी पत्र्याला चीर जाते.

म्हणून लोक झुला लावतात. म्हणजे बघा, चासीला घट्ट बोल्ट केलेला लोखंडी बंपर, त्याच्या एका कोपऱ्यावर उभा खिळा, आणि त्या खिळ्यावर फिरणारा हात. चाक दारावर नाही, या हातावर. कल्पना चांगली आहे. पण आमचा आक्षेप असा, की बहुतेक जण हा निर्णय फोटो पाहून घेतात. फोटोत वजन दिसत नाही.

वजनाचा हिशेब करून बघू. थारच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४५० मिलिमीटर. बंपर आणि झुला मिळून जादा वजन ६० किलो धरू, आणि ते मागच्या चाकांच्या ८० सेंटिमीटर मागे आहे असं धरू. तरफेचा नियम शाळेतलाच. ६० गुणिले ८०, भागिले २४५, म्हणजे जवळजवळ २० किलो. हे २० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ६० ऐवजी ८० येतात. आपण ६० किलो लावले, स्प्रिंगने ८० भोगले. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि पुढचा ब्रेक दोन्ही थोडे ढिले होतात. खंबाटकी घाटात पावसाळ्यात गाडी चालवलेल्यांना हा ‘थोडे’ शब्द किती महाग पडू शकतो ते सांगायला नको.

मग लोखंडी बंपर हवा कशाला? खरं कारण एकच आहे, आणि ते भूमितीचं आहे. ओढ्यातून किंवा बांधावरून गाडी वर चढते तेव्हा पुढचं टोक पार होतं, पण मागचा बंपर जमिनीला टेकतो. मागच्या चाकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत रेघ ओढली तर जमिनीशी जो कोन होतो, तो जितका मोठा तितकं बरं. २०२० च्या थारला कंपनीनेच हा कोन ३६.८ अंश दिलेला आहे. आता प्रामाणिकपणे विचारा, आपण कुठे जातो? भोरच्या बाजूने रायरेश्वराच्या पायथ्यापर्यंत, वीर धरणाच्या काठाने, वरंध घाटातून कोकणात. या वाटांवर ३६ अंश पुरतात. न पुरणाऱ्या जागा आहेत, नाही असं नाही. पण तिथे जाणारा माणूस आम्हाला विचारायला येत नाही.

दुसरं कारण सांगितलं जातं ओढून काढण्याचं. गाडी रुतली तर पट्टा अडकवायला मजबूत जागा हवी. हे कारण खरं आहे. पण इथे फार धोकादायक गैरसमज आहे, म्हणून जरा थांबतो. ट्रेलर ओढायचा जो गोळा असतो, त्याला पट्टा अडकवून रुतलेली गाडी ओढायची नाही. कधीच नाही. तो गोळा सरळ, सावकाश ओढीसाठी असतो. झटक्याने तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा समोरच्या काचेतून आत येतो, जगभर माणसं अशाने मेलेली आहेत. पट्टा अडकवायची कडी चासीला थेट जोडलेल्या जाड प्लेटवर हवी, आणि तिच्यावर किती टनांचा भार चालेल ते कोरलेलं हवं. बंपरच्या दर्शनी पत्र्यावर नुसती वेल्ड केलेली कडी ही शोभेची वस्तू. फॅब्रिकेटरला खाली वाकून दाखवायला सांगा, की कडीपासून चासीपर्यंत लोखंड सलग कुठून कुठे जातं. दाखवता आलं नाही, तर नमस्कार करून परत या.

आता अपघात सांगतो. काम कुठल्या वर्कशॉपमध्ये केलं ते सांगणार नाही, तो आमचा मुद्दा नाही. रायरेश्वराकडून परतताना उतारावर गाडी थांबवली, तोंड खाली. पुतण्याने झुला उघडला, मग दार उघडलं, आणि आम्ही डबा काढायला आत वाकलो. वर सांगितलेला तो लोखंडी हात उघडा राहायला काही आधारच नव्हता. उतारावर त्याला खाली, म्हणजे गाडीकडेच, यायचं होतं. तो आला. चाकासकट हात आमच्या कोपरावर आदळला. हाड मोडलं नाही, पण सहा आठवडे आम्ही डाव्या हाताने जेवलो. म्हणून झुला घेताना पहिला प्रश्न हा, की उघड्या स्थितीत तो स्वतःहून अडकतो का? खटका हवा किंवा गॅसची दांडी हवी. आणि दुकानाच्या सपाट फरशीवर उघडून बघू नका, उतारावर लावून बघा, एकदा तोंड वर, एकदा तोंड खाली.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. खिळ्याला नुसता बुश आहे की बेअरिंग, आणि ग्रीस भरायची जागा आहे का. बंद झाल्यावर चाक रबराच्या गादीवर दाबून बसतं का, नाहीतर दर खड्ड्याला खडखडेल आणि तोच खडखडाट खिळा खाईल. लॉक एक की दोन, दोन असावेत. पाणी निथळायला बंपरच्या पोकळीत खाली भोकं आहेत का, कारण आपल्याकडचा पाऊस पत्रा आतून खातो, बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकाकत राहतो. सायलेन्सरचं तोंड, रिव्हर्स कॅमेरा, ब्रेकचे दिवे झाकले जात नाहीत ना. आणि झुल्यावर डिझेलचा कॅन लटकवायची जागा ‘फ्री’ देतो म्हणाला, तर ती फुकटसुद्धा घेऊ नका. मागून धडक बसते तेव्हा नेमकी तीच जागा चेपते.

धडकेवरून आठवलं. कंपनीचा बंपर प्लास्टिकचा असतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. तो मोडतो, कारण त्याने मोडायचंच असतं. मागून येणारा दुचाकीवाला आदळला, तर त्याचा थोडा धक्का तो खातो. पाच मिलिमीटरचा लोखंडी पत्रा काही खात नाही. गाडीवाला खुशीत सांगतो, “सर, ओरखडाही नाही.” समोरच्याचं काय झालं, ते तो सांगत नाही.

आता आमचा खरा प्रश्न. मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाक म्हणजे रथ? सांगाडा म्हणजे रथ? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणत गेला, आणि शेवटी म्हणाला की या सगळ्यांच्या मेळाला रथ हे नाव आहे. शिरवळजवळ बौद्ध लेणी आहेत, तेव्हा हा संवाद इथे परका नाही. मग बंपर बदलला, टायर बदलले, बिजागरी बदलली, तर गाडी तीच का? वर्गात या प्रश्नावर आम्ही तासन्‌तास घालवले. मोटार वाहन कायद्याने मात्र उत्तर देऊन टाकलंय! १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की नोंदणीत असलेला तपशील आणि निर्मात्याने दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. आणि बदल म्हणजे काय? रचनेतला असा फेरफार, की ज्याने वाहनाचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. मूलभूत वैशिष्ट्य! ॲरिस्टॉटल ऐकायला हवा होता.

२०१९ च्या जानेवारीत केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं, की क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर याच कलमाखाली कारवाई करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय थारची लांबी ३९८५ मिलिमीटर, चार मीटरच्या करसवलतीच्या रेषेला अवघे १५ मिलिमीटर कमी. झुला लावला की ती कुठल्या कुठे जाते. नवी नंबर प्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकची असते, ती स्क्रूने काढून झुल्यावर डकवता येत नाही. म्हणून आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि मग पैसे द्या. हा क्रम उलटा झाला, की अपघातानंतर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न तुमच्या बंपरवर येतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग स्टेपनी न्यावीच कशाला? नव्या नियमात सूट आहे म्हणतात.)

बरोबर आहे. २०२० च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल, तर लहान गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. शहरात चालेल. पण खडकाने टायरची बाजूची भिंत फाटली, तर किटमधला डिंक काही करत नाही. रायरेश्वराखाली तुम्ही आणि तो डिंक, दोघेच.

(दुसरा प्रश्न: तुमच्या पुतण्याने शेवटी काय केलं?)

कंपनीचा बंपर परत बसवला. मोठे टायर विकून मूळ मापाचे घेतले, त्यामुळे स्टेपनी पुन्हा दारावर गेली, आणि दार अजून तरी सरळ आहे. रुतल्यावर ओढायला कंपनीनेच दिलेली जागा वापरतो, आणि चांगला पट्टा घेतला आहे. काढलेला बंपर आमच्या पडवीत पडून आहे. भंगारवाला येऊन एकदा उचलून बघून गेला. दुसरा माणूस घेऊन येतो म्हणाला, त्याला आता चार महिने झाले.